वाढत्या अंगाच्या मापाची खुर्ची

भिवंडीभोवतीच्या मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या गावांच्या शिवारात आता भातखाचरांपेक्षा गोदामेच नजरेत भरतात. मुंबई महानगरात घरोघर पोचणारा माल इथे उतरतो, फोडला जातो, पुन्हा बांधून पुढे जातो आणि मागे पुठ्ठा उरतो. पाच प्लायचा, सात प्लायचा, जाड, कोरडा, चांगला पुठ्ठा भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने निघून जातो. याच तालुक्यात, भिवंडी शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, तानसा नदीच्या काठी गणेशपुरी आहे. नित्यानंद स्वामींची समाधी आणि गरम पाण्याची कुंडे यांसाठी हे गाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्या आसपासच्या पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबे राहतात. अशा पाड्यावर एखादे मूल मान न धरणारे, आधाराशिवाय बसू न शकणारे निपजले, तर त्याला लागणारी खास खुर्ची मुंबईच्या दुकानात हजारो रुपयांना मिळते. ती आणेपर्यंत मूल गोधडीवर पडून असते आणि आणली तरी वर्षा-दीड वर्षात ती त्याला अपुरी पडते. लहान दिव्यांग मुलाची पहिल्या पाच-सहा वर्षांतली साधने त्याच्या घराजवळ, हाताशी असलेल्या वस्तूंतून, त्याच्या अंगाचे माप घेऊन तयार व्हायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. पैसे नाहीत म्हणून करायची ही तडजोड नव्हे. पैसे असते तरी या वयासाठी हीच रीत अधिक योग्य ठरली असती.

2011 च्या जनगणनेत देशात शून्य ते सहा वयोगटातली 20 लाख 42 हजार दिव्यांग मुले नोंदली गेली. प्रत्यक्षात ती याहून अधिक असणार, कारण या वयात अपंगत्व ओळखूच येत नाही किंवा ओळखायचे टाळले जाते. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ या समजुतीवर कितीतरी घरांत दोन-दोन वर्षे निघून जातात. या मुलांत एक मोठा गट सेरेब्रल पाल्सीचा, ज्याला दवाखान्यात सगळे सी.पी. म्हणतात. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, मूल फार आधी जन्मले, कावीळ वाढून डोक्यात गेली किंवा मेंदूला जंतुसंसर्ग झाला, तर स्नायूंवर हुकमत ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा होते. ती इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. स्नायू ताठरतात किंवा ढिले पडतात, आणि शरीर वाढत असताना चुकीच्या ओढीमुळे पाठ, खुबे, पावले वाकडी होत जातात. मेंदूची इजा आपल्या हातात नसली, तरी तिच्यामागून येणारा हा वाकडेपणा बराचसा रोखता येतो. त्यासाठी लागते ती दिवसातले काही तास नीट बसण्या-उभे राहण्याची सोय.

बसण्याने काय साधते, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण खुर्ची म्हणजे निव्वळ आराम असे आपल्याला वाटते. आडव्या पडलेल्या, मान मागे टाकलेल्या मुलाला पेज भरवली, तर तिचा काही भाग अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. मूल ठसकते, दर काही आठवड्यांनी खोकला-तापाने फणफणते, न्यूमोनिया होतो. अशी मुले पुष्कळदा मूळ दुखण्याने दगावत नाहीत, या न्यूमोनियाने आणि कुपोषणाने दगावतात. तेच मूल पाठ सरळ, कंबर मागे टेकलेली, हनुवटी किंचित खाली, पाय टेकलेले असे बसले की गिळणे सुरक्षित होते. त्याला घास घेता येतो, भरवणाऱ्या आईचे तोंड दिसते. शिवाय, ज्याला स्वतःचा तोल सावरता येत नाही, त्याचे सगळे बळ न पडण्यातच खर्ची पडते. आधार मिळाला की हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले की मूल वस्तू धरू लागते, आपटू लागते, फेकू लागते. इतर मुलांचे शिकणे जिथून सुरू होते, तिथून त्याचेही सुरू होते. चांगल्या बैठकीची लक्षणे कुठल्याही सुताराला समजतील अशी आहेत: खुब्यात, गुडघ्यात आणि घोट्यात साधारण काटकोन, पायाखाली फळी, दोन्ही बगलांना आधार, कमरेला पट्टा, मांड्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून मध्ये गुळगुळीत ठोकळा, आणि पुढे कडा असलेली फळी, म्हणजे खेळणे खाली गडगडत नाही.

खुर्ची हे एक साधन झाले. भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली जमिनीवरची बैठक, छाती-गुडघ्यांना आधार देऊन उभे करणारी चौकट, अंगणात रोवलेल्या दोन बांबूंच्या समांतर दांड्या, पालथे झोपवून मान उचलायला लावणारी उतरती उशी, शौचाला बसवायची आधाराची खुर्ची ही सगळी याच जातीची. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची जाड गुंडाळी केली की न वळणाऱ्या मुठीतही तो बसतो. प्लास्टिकच्या पेल्याची एक कड नाकापुरती कापली की मान मागे न टाकता पाणी पिता येते. यांतल्या एकाही वस्तूला वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, परवाना लागत नाही.

मग सरकारी योजनेतून मिळते तेच का घेऊ नये? हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो रास्त आहे. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची ‘ॲडिप’ योजना 1981 पासून चालू आहे. कानपूरची ‘ॲलिम्को’ ही सरकारी कंपनी साधने बनवते, शिबिरे भरतात, तिचाकी सायकली आणि कुबड्या वाटल्या जातात. मोठ्या माणसांना त्याचा निश्चित उपयोग झाला आहे. लहान मुलाच्या बाबतीत मात्र ही वाट अनेक ठिकाणी अडते. योजनेला चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि दोन वर्षांच्या मुलाची टक्केवारी ठरवणे अवघड असल्याने ते कागद लांबतात. शिबिर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते. तपासणी एका दिवशी होते आणि वाटप काही महिन्यांनी. योजनेतच बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षभराने पुन्हा साधन घेण्याची मुभा ठेवली आहे, म्हणजे मूल वाढते हे सरकारलाही मान्य आहे. पण ज्या कुटुंबाला पहिल्याच खेपेला मजुरी बुडवून दोन-तीनदा जावे लागले, ते दरवर्षी तसे जाईल, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये तुटपुंज्या साधनांच्या प्रदेशांसाठी चाकखुर्च्यांविषयी मार्गदर्शिका काढली. वापरणाऱ्याच्या गरजेला आणि त्याच्या परिसराला जुळणारी, अंगाला नीट बसणारी, आधार देणारी आणि त्याच देशात दुरुस्त होऊ शकणारी खुर्चीच योग्य, अशी त्यातली व्याख्या आहे. या कसोटीवर एकाच मापाने घाऊक वाटलेली खुर्ची नापास होते. मोठ्या खुर्चीत घसरून बसलेल्या मुलाची पाठ तर त्या खुर्चीनेच वाकते. त्यात आपल्याकडे घरातली माणसे जेवतात जमिनीवर आणि मुले खेळतात जमिनीवर. चाकांच्या उंच खुर्चीतले मूल त्या पंगतीत आणि त्या खेळात येतच नाही. त्याला जमिनीलगतची बैठक हवी. ती कारखान्याच्या यादीत सहसा नसते, पण पाड्यावर सहज बनते.

ती बनवायची कशाने, याचे एक सुंदर उत्तर झिम्बाब्वेतून आले. बेव्हिल पॅकर यांनी तिथे रद्दी कागद, पुठ्ठा आणि पिठाची खळ एवढ्यावर स्टुले, खुर्च्या, दिव्यांग मुलांची साधने बनवण्याची पद्धत बसवली. आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणी सी.पी. असलेल्या मुलांसाठी ती वापरली गेली. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरातही ॲलेक्स ट्रुझडेल यांच्या संस्थेने पुठ्ठ्याच्या खुर्च्या आणि उभे राहण्याच्या चौकटी प्रत्येक मुलाच्या मापाने घडवल्या आणि 2015 मध्ये त्यांना त्या कामासाठी मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. यामागचे शास्त्र सोपे आहे. खोक्याच्या पुठ्ठ्यात मधला कागद नागमोडी असतो आणि त्याच्या नळ्या उभ्या दिशेने पुष्कळ भार पेलतात. एक थर उभा, त्यावरचा आडवा, असे चार-पाच थर खळीने चिकटवून वजनाखाली दाबले आणि उन्हात पूर्ण वाळवले की उलटसुलट रेषांचे पदर दिलेल्या प्लायवूडसारखाच तो गठ्ठा कुठल्याच बाजूला वाकत नाही. मग मापाने कापायचे, जोडांत कागदाच्या घट्ट गुंडाळ्यांच्या खुंट्या मारायच्या, सगळ्या कडांवर कागदाच्या पट्ट्यांचे दोन-तीन लेप द्यायचे आणि वर रंगाचे हात. लहान मुले दिसेल ते तोंडात घालतात, म्हणून पुस्तकबांधणीच्या खळीत किडीपासून बचावासाठी मोरचूद घालतात तसे इथे मुळीच चालणार नाही. रंगही शिसे नसलेलाच हवा.

हे काम आपल्याला परके नाही. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड मिसळून, तो लगदा टोपलीवर किंवा घागरीवर थापून बायका भांडी बनवत आणि त्यांत वर्षानुवर्षे धान्य-पीठ ठेवत. कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्ती आजही बनतात. टोपल्या विणणारा बुरूड, खाट विणणारा माणूस, गावचा सुतार, शिवणयंत्र चालवणारी बाई हे सगळे कारागीर गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या टापूत सापडतील. या हातांना मूल नीट बसण्याचे नियम माहीत नाहीत, आणि ज्यांना ते माहीत आहेत त्यांच्याजवळ हे हात नाहीत. दोघांना एका अंगणात आणणे एवढेच काम बाकी आहे.

असा मेळ याच जुन्या ठाणे जिल्ह्यात एकदा घातला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची साधने तेव्हा महाग होती आणि शहरी, सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरतीच राहिली होती. ताराबाईंनी त्या पद्धतीतले तत्त्व घेतले, आणि शंख-शिंपले, बिया, पाने, माती, बांबू यांतून वारली मुलांसाठी तीच साधने उभी केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रुजलेल्या अंगणवाडीची बीजे त्या कामात आहेत. तिथे कुणी त्यांना ‘हे खरे माँटेसरी नव्हे’ असे म्हटले असेल, तर काळाने त्याला उत्तर दिले आहे. जे मोजायला, वर्गवारी करायला, बोटे चालवायला शिकवते ते साधन खरे, मग ते लाकडाचे असो वा बियांचे. मुलाला नीट बसवते ती खुर्चीही अशीच खरी.

तरीही काहींच्या मनात येते की गरिबाच्या मुलाला पुठ्ठा आणि श्रीमंताच्या मुलाला आयात खुर्ची, हा दुय्यमपणा नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात मुलाविषयी आदर आहे, म्हणून त्याला आदरानेच उत्तर द्यावे. साधनाचा दर्जा त्याच्या किमतीवर ठरत नाही. त्याने मुलाचे काय होते यावर ठरतो. जन्मतः वाकडी पावले, म्हणजे क्लबफूट, साधारण हजारात एका बाळाला असतात. पूर्वी त्यावर मोठी शस्त्रक्रिया करत आणि पाय पुढे ताठ व दुखरे होत. अमेरिकेत आयोवा इथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी हाताने हळूहळू पाऊल वळवून दर आठवड्याला प्लास्टर बदलण्याची पद्धत बसवली. पाच-सात प्लास्टरांत बहुतेक पाय सरळ होतात, पुष्कळांना टाचेची शीर सैल करण्यापुरता एक छोटा छेद लागतो. आज जगभर याच उपचाराला पहिली पसंती आहे. त्यानंतर पाऊल पुन्हा वळू नये म्हणून काही वर्षे रात्री घालायचा जोड-बूट लागतो. युगांडात काम करणाऱ्या मिखिएल स्टीनबेक यांनी तो साध्या चामड्यात आणि लोखंडी सळीत, स्थानिक चांभाराला बनवता येईल असा केला, आणि तो भारतातही वापरला जातो. इथे स्वस्त उपचार महागड्या उपचाराहून सरस ठरला. जयपूर फूट हे आपल्या घरचे उदाहरण आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते घडवले तेव्हा परदेशी कृत्रिम पाय बाजारात होतेच. पण त्यांवर उकिडवे बसता येत नव्हते, अनवाणी शेतात जाता येत नव्हते.

पावसाळ्याचा आक्षेप याहून अवघड आहे. तानसा खोऱ्यात जून ते सप्टेंबर धो धो कोसळते, भिंतींना ओल येते, कुडाच्या घरात वाळवी असते. पुठ्ठ्याची खुर्ची तिथे लाकडाइतकी टिकणार नाही हे मान्य केलेच पाहिजे. तरी तिला दहा वर्षे टिकायचेच नाही. दीड-दोन वर्षांत मूल तिच्याबाहेर वाढणार आहे. मात्र ती उन्हाळ्यात बनवायला हवी, म्हणजे थर आतून वाळतील. पायांना जुन्या टायरचे तुकडे ठोकून ती जमिनीपासून दोन बोटे वर हवी. शौचाच्या आणि अंघोळीच्या खुर्चीसाठी पुठ्ठा वापरूच नये, तिथे बांबू किंवा पीव्हीसी पाइप योग्य. जड, जोरात आचके देणाऱ्या मोठ्या मुलासाठीही लाकूडच बरे. कुठे कोणती वस्तू वापरायची, हे ठरवण्याइतके तारतम्य या पद्धतीत असायलाच हवे.

खरा धोका चुकीच्या मापाचा आहे. पट्टा चुकीच्या जागी आवळला, खुब्याचा सांधा निसटलेल्या मुलाला तपासल्याशिवाय उभ्या चौकटीत बांधले, किंवा मुलाला दिवसभर खुर्चीतच ठेवले, तर इजा होते. म्हणून फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टची नजर यातून वगळता येत नाही. ती नजर पाड्यापर्यंत न्यायची कशी, एवढाच प्रश्न आहे. हाजी अलीची भौतिक उपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 पासून मुंबईत आहे. गणेशपुरीहून तिथे जायचे म्हणजे एसटी, मग लोकल, मग टॅक्सी, आणि कडेवर ताठरलेले मूल. दर आठवड्याला हे होणार नाही, पण तीन-चार महिन्यांतून एकदा तज्ज्ञ इकडे आले तर जमेल. मेक्सिकोतल्या आहोया या डोंगरी गावात 1981 च्या सुमारास दिव्यांग गावकऱ्यांनीच ‘प्रोजिमो’ नावाचे केंद्र उभे केले. बाहेरचे तज्ज्ञ तिथे उपचार करून निघून जाण्याऐवजी शिकवायला येत. त्या अनुभवातून डेव्हिड वर्नर यांनी 1987 मध्ये चित्रांनी भरलेले ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे पुस्तक लिहिले. आपल्याकडे याचा सांगाडा तयारच आहे. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तो पालघरमध्ये, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्यातली फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, आणि विकासात मागे पडणारे मूल ओळखणे हे त्यांच्या कामातच आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली. मूल सापडते, नाव लिहिले जाते, वरच्या रुग्णालयात पाठवले जाते. त्यापुढे त्याच्या घरात एखादी वस्तू येईल, अशी साखळी मात्र जोडलेली नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘घरीच बनवा’ असे म्हणणे म्हणजे सगळा भार पुन्हा आईच्या डोक्यावर टाकणे. जी बाई पहाटे पाणी भरते, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबते, दिवाळीनंतर कुटुंबासह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परतते, तिला खळ शिजवून पुठ्ठे चिकटवत बसायला सांगणे अन्यायाचे आहे. म्हणून हे काम मोबदल्याचे असायला हवे. बचत गटातल्या चार बायका, एखादा सुतार, आणि शक्य तिथे स्वतः दिव्यांग असलेला तरुण यांना थेरपिस्टने शिकवावे, प्रत्येक खुर्चीमागे त्यांना मजुरी मिळावी, आणि अंगणवाडी हेच मापे घेण्याचे ठिकाण असावे. कुटुंब भट्टीवर जाताना पुठ्ठ्याची हलकी बैठक डोक्यावरच्या बोचक्याबरोबर जाऊ शकते. लोखंडी चाकखुर्ची तशी नेता येत नाही. हे लोकांनी आपसात केले की सरकार अंग काढून घेईल, ही भीतीही खोटी नाही. तिच्यावर उपाय एकच: पैसा सरकारी तिजोरीतूनच आला पाहिजे आणि हिशेब उघड राहिला पाहिजे.

तो पैसा आजही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षाअखेर थोडी थोडी रक्कम वाटून संपवला जातो. पुठ्ठ्याला भंगाराच्या भावाहून अधिक किंमत नाही. मोठा खर्च मजुरीचा, रंगाचा आणि थेरपिस्टच्या येण्याजाण्याचा आहे, आणि पाच-सहा ग्रामपंचायतींनी आपले वाटे एकत्र केले तर तो झेपेल. गोदामवाल्यांकडे पुठ्ठा मागायला फारशी विनवणी करावी लागेल असे वाटत नाही. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. आपण ज्या गावात राहता, तिथल्या पुढच्या ग्रामसभेत उभे राहून दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षीचे पाच टक्के कशावर खर्च झाले, आणि आपल्या अंगणवाडीच्या हद्दीत सहा वर्षांखालची किती मुले अजून स्वतःहून बसू शकत नाहीत. दोन्ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.